चाळीस मुलं, वीस बॉल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

तीस वर्षांनी पुन्हा एकाच सतरंजीवर येऊन बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं भविष्य’ असा भारदस्त विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून दिला असणार. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ मिळतील, मला पीटीच्या तासावर बोलू द्या. फोनवर जरा शांतता पसरली. मग आपला संयोजक मित्र म्हणाला, “पीटी? अगं, पीटीच्या तासाला तू ग्रंथालयात बसलेली असायचीस!”

खरं आहे. आपल्यातल्या बऱ्याच मुली एकतर ग्रंथालयात असायच्या, नाहीतर मागच्या चिंचेखाली. कुणी आम्हाला मैदानावर यायला बंदी केलेली नव्हती. साठ जणांच्या वर्गाला बॉल एक होता. तो बॉल ज्या आठ-दहा पोरांच्या पायात असायचा, ती पोरं तुम्हाला अजून नावानिशी आठवतात; आज ती इथेच पहिल्या रांगेत पोट सांभाळत बसली आहेत. उरलेले पन्नास जण बघे. मुलगी असेल तर बघायलाही लांबून. यात सरांचा काही दोष नव्हता. साठ मुलं, एक शिट्टी आणि एक बॉल. त्यातही तो बॉल सायकलच्या पंपानं हवा भरून सरांनीच जिवंत ठेवलेला. त्या परिस्थितीत सरांनी आपल्याला लेझीम शिकवलं, कवायत शिकवली, खो-खोचा संघ उभा केला. मी आज जे बोलणार आहे, ते सरांच्या पुढचं नाही, सरांच्या हातात तेव्हा जे नव्हतं त्याविषयीचं आहे.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी पाच वर्षांपूर्वी पुण्याहून कोल्हापूरला परत आले. कंपनीचं काम घरून चालतं. घराजवळ एक प्राथमिक शाळा आहे. तिथल्या एका शिक्षिकेशी ओळख झाली आणि गेली तीन वर्षं मी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी, दुसरी ते चौथीच्या मुलांना पीटीच्या तासाला फुटबॉल शिकवते. बहुतेक प्राथमिक शाळांत पीटीसाठी वेगळे शिक्षक नसतात. मराठी, गणित, परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंनाच मैदानावरही उभं राहावं लागतं. त्या वर्गशिक्षिका माझ्याबरोबर मैदानात असतात. मुलं मला ‘बॉलच्या मॅडम’ म्हणतात. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पंचवीस वर्षं झाली, पण एवढी मानाची पदवी मला आजवर कुणी दिली नव्हती.

आता कोल्हापुरात फुटबॉलबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. आपल्या गावात क्रिकेटच्या मॅचला टीव्हीसमोर बसणारी माणसं पाटाकडील आणि खंडोबाच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर उन्हात बसतात. दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी. पेठेच्या तालमीवरून माणूस ओळखायचा ही इथली रीत. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ सांभाळावेत, हे देशात फार कुठे बघायला मिळत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच वर्षी विश्वचषकाच्या निमित्तानं १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई इथे.

म्हणजे गाव फुटबॉलचं आहे, प्रेम आहे, खेळाडू आहेत. तरी शाळेतल्या पीटीच्या तासाला काय होतं? मी पहिले दोन आठवडे नुसती भिंतीला टेकून बघत होते. आपल्या वेळी जे व्हायचं, तेच होत होतं. बॉल एक. तालमीच्या पेठेतली चार-पाच चपळ पोरं पुढे. बाकीची मुलं बॉलमागे पळून पळून दमलेली. दोन मुली भिंतीजवळ सागरगोटे खेळत होत्या. आणि एक बारका पोरगा माझ्याजवळ येऊन रडकुंडीला आला, “मॅडम, त्यो मला बॉल देईनाच झालाय!”

मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. सवयच ती. गणित सोपं आहे, तुम्हीही करून बघा.

वर्गात चाळीस मुलं. बॉल एक. भांडण नको म्हणून रांग लावली आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद बॉल दिला, तर एक फेरी संपायला दहा मिनिटं लागतात. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं मैदानावर येण्या-जाण्यात. उरली तीस. म्हणजे प्रत्येकाला तीन पाळ्या, एकूण पंचेचाळीस सेकंद. आठवड्यात दोन तास म्हणजे दीड मिनिट. शाळेचे सणवार, परीक्षा, पाऊस, गॅदरिंगची तयारी वजा जाता वर्षात तीस आठवडे धरा. पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे अगदी काटेकोर न्यायानं वाटणी केली, तरी एका मुलाच्या पायाला वर्षभरात बॉल लागतो पाऊण तास! एवढ्यात कुणी सायकल तरी शिकेल का? आणि रांग न लावता मॅच लावली, तर वर सांगितलेली चार-पाच पोरं तो पाऊण तासही खाऊन टाकतात.

आता त्याच चाळीस मुलांना वीस बॉल द्या. दोघांत एक. तीस मिनिटांतली पंधरा मिनिटं बॉल माझ्याकडे, पंधरा तुझ्याकडे. पंचेचाळीस सेकंदांचे थेट नऊशे सेकंद झाले. शिक्षक तोच, मैदान तेच, तास तेवढाच. मूल वीसपट खेळलं. आमच्या क्षेत्रात एखादी गोष्ट वीसपट वेगानं चालवायची तर महिनोन् महिने डोकं फोडावं लागतं. इथे बॉल वाढवले की काम झालं.

बॉल कोणता, हेही महत्त्वाचं. दुकानात गेलं की दुकानदार मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल काढून देतो. नियमानुसार त्या बॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. दुसरीतलं मूल असतं वीस किलोचं. हिशोब केला, तर साठ किलोच्या माणसाला सव्वा किलोहून जड बॉल मारायला दिल्यासारखं ते होतं. पहिल्या रांगेतल्यांनो, मारून बघा आणि दुसऱ्या दिवशी पाय दाखवा! लहान मुलांना तीन नंबरचा बॉल लागतो, साधारण तीनशे ग्रॅमचा; चौथी-पाचवीच्या पुढे चार नंबरचा. खेळाच्या अधिकृत नियमांतच लहान मुलांसाठी बॉल, मैदान, गोल आणि वेळ कमी करायची मुभा आहे. आपल्याकडे मात्र अनेकांना वाटतं, बॉल छोटा केला म्हणजे खेळ खोटा केला.

बाकी साहित्य म्हणाल, तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरली की झाले कोन. आखणीला फक्की. संघ ओळखायला जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या. हवा भरायला एक पंप आणि सुया. सुया मात्र डझनभर आणाव्यात, कारण त्या हरवण्यासाठीच जन्माला येतात.

आता शिकवायचं काय? मैदानात उभं राहून ‘ड्रिब्लिंग करा’ म्हटलं, तर दुसरीतलं पोर बॉलला एक सणसणीत लाथ घालतं आणि त्यामागे पळत सुटतं. त्याला वाटतं, हाच फुटबॉल. बॉल पायाजवळ ठेवावा, हे त्याला सांगून कळत नाही, त्याला तशी गरज निर्माण करून द्यावी लागते. आणि त्यासाठी लागणारे सगळे खेळ आपण सगळे लहानपणी खेळलो आहोत.

‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. फक्कीची रेघ मारायची. प्रत्येक जोडीतल्या एकाचा पाय बॉलवर. ‘तळ्यात’ म्हटलं की तळपायानं बॉल रेघेच्या आत ओढायचा, ‘मळ्यात’ म्हटलं की बाहेर लोटायचा. चकवायला दोनदा ‘मळ्यात, मळ्यात’ म्हणायचं. पाच मिनिटांत मुलं हसून हसून लोळतात आणि त्यांच्या नकळत तळपायानं बॉल ओढायचं, थांबवायचं कौशल्य पायात उतरतं. मोठे खेळाडू अंगावर आलेल्या बचावपटूला चकवून मागे वळतात, त्याची ही बाराखडी.

‘शिवाजी म्हणतो’ घ्या. शिवाजी म्हणतो, बॉल घेऊन चाला. शिवाजी म्हणतो, बॉलवर गुडघा टेका. शिवाजी म्हणतो, डाव्या पायानं. बॉल लांब गेलेला असेल, तर हुकूम पाळताच येत नाही. म्हणून मूल आपोआप बॉल जवळ ठेवायला लागतं आणि कान माझ्याकडे ठेवायचे म्हणून मानही वर ठेवतं. ‘बघून खेळ, बघून खेळ’ असं ओरडण्याची गरजच राहत नाही.

‘विषामृत’ तर फुटबॉलसाठीच शोधला असावा असं मला वाटतं. ज्याला विष मिळालं, त्यानं पाय फाकवून पुतळ्यासारखं उभं राहायचं. त्याला अमृत द्यायचं म्हणजे त्याच्या दोन पायांमधून बॉल पास करायचा. इथे नेम लागतो, आणि नेम लागण्यासाठी अंगठ्यानं मारून चालत नाही. मग मी दाखवते: टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, त्याचं टोक जोडीदाराकडे, दुसरा पाय बाहेर वळवून त्याच्या आतल्या कडेनं बॉलच्या मधोमध मार, घोटा सैल सोडू नको. एवढी चारच वाक्यं. आठ वर्षांच्या मुलाला एका वेळी याहून जास्त वाक्यं पेलत नाहीत. बाकीचं बॉल सांगतो. पास वाकडा गेला, तर तो वाकडा गेलेला त्याला दिसतोच, मी वेगळं सांगायची गरज नसते. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम चुकला, तर तो चालवून बघितल्यावर लगेच कळतं, म्हणून आम्ही सुधारतो. त्यासाठी चालवून बघायची संधी पुन्हा पुन्हा मिळावी लागते. मुलांचंही तेच आहे.

शेवटची दहा-बारा मिनिटं खरी मॅच. तीही वीस विरुद्ध वीस नाही. तीन-तीनचे संघ, चार छोटे पट्टे, म्हणजे चोवीस मुलं खेळात. उरलेली सोळा जोडीजोडीनं पासिंग करतात आणि पाच मिनिटांनी अदलाबदल. गोलपोस्ट म्हणजे दोन बाटल्या, गोली नाही. तीन जणांच्या संघात कुणाला लपायला जागाच नसते. बॉल दर थोड्या वेळानं तुमच्याकडे येतोच, तुम्हाला काहीतरी करावंच लागतं.

बघायला येणारे पालक मला विचारतात, “मॅडम, सगळी पोरं माश्या बसल्यासारखी बॉलवर बसतात, त्यांना जागा धरून खेळायला शिकवा की.” मी म्हणते, सात वर्षांच्या मुलाचं हे स्वाभाविक आहे. त्याला अजून बॉल स्वतःचाच वाटतो. आठव्या-नवव्या वर्षी जोडीदार दिसायला लागतो, मग हळूहळू मोकळी जागा दिसते. सातव्या वर्षी बाजूला उभं केलेलं मूल जागा धरायला शिकत नाही, ते नुसतं उभं राहायला शिकतं.

एक गोष्ट आम्ही शिकवत नाही, ती म्हणजे हेडिंग. यावर पहिल्या वर्षी काही तालीमवाल्या काकांचा माझ्यावर राग होता. पण कारण ऐकून घ्या. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठानं स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूची झीज होणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण या खेळाडूंमध्ये सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीनपट आढळलं. हे हेडिंगमुळेच होतं असं त्या अभ्यासानं सिद्ध केलं नाही. तरी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकलं. अमेरिकेनं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते त्याआधीच, २०१५ मध्ये, बंद करायचं ठरवलं होतं. फुटबॉलवर जीव टाकणारे देश एवढी काळजी घेतात, तर आपण मुरमाच्या मैदानावर कशाला घाई करायची? त्या काकांपैकी एक जण आता दर शनिवारी येतात आणि चौथीतल्या मुलांना पासिंग शिकवतात.

आता मुलींबद्दल. काही शाळांत एक नियम करतात: मुलीचा पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. हेतू चांगला असतो, पण त्यानं मुलगी टोलनाका होते. पोरं बॉल घेऊन येतात, तिच्या पायाला लावतात, पुढे जातात. आम्ही तसा नियम ठेवला नाही. आधी तिला स्वतःचा बॉल दिला, महिनाभर दिला, आणि मग तीन-तीनच्या संघात खेळायला लावलं. संघ करताना मुलगा-मुलगी बघितलं नाही, साधारण सारखा खेळणारी मुलं एकत्र आणली.

तिसरीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. वर्गात ती बोलायचीच नाही. हजेरीला ‘उपस्थित’सुद्धा शेजारीण म्हणायची. पीटीला ती भिंतीजवळच्या सागरगोट्यांतली एक. तिच्या वाट्याला बॉल आला तेव्हा पहिले तीन तास तिनं तो नुसता हातात धरून ठेवला. बाई म्हणाल्या, राहू द्या. चौथ्या तासाला ‘तळ्यात-मळ्यात’ला तिनं बॉल खाली ठेवला. दिवाळीनंतर ती विषामृतात सगळ्यांना सोडवत सुटायची, कारण तिचा नेम चुकत नव्हता. आणि एका शनिवारी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरानं बॉल अडवून धरला, तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली, “पास दे की रं!” की सगळं मैदान गप्प झालं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला होता. त्या पोरानं गुपचूप पास दिला.

ती काही भारताकडून खेळणार नाही. खेळली तर आनंदच आहे. पण वर्गात हात वर करायला तिनं त्या आठवड्यापासून सुरुवात केली, हे बाईंच्या वहीत लिहिलेलं आहे.

मित्रहो, हे सगळं मागच्या वर्षी बंद पडणार होतं. जानेवारीत पालकसभा झाली. परीक्षा जवळ आल्या, पीटीचे दोन्ही तास जादा अभ्यासाला द्यावेत, अशी बऱ्याच पालकांची मागणी होती. कोल्हापूरची माणसं आपण. चौथीच्या स्कॉलरशिपसाठी पहाटे उठवून बसवलेली पिढी आपली. त्यामुळे त्या पालकांची काळजी मला परकी नव्हती. मला बोलायला सांगितलं. मी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सांगितली, की पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी. आपण आठवड्याला दोन तास देतो, तेही काढून घेतोय. काही माना हलल्या, काही नाही. मग मागे उभे असलेले एक रिक्षाचालक पालक म्हणाले, “माझी पोरगी शाळंत जायला रडायची. आता मंगळवारी आणि शनिवारी माझ्या आधी उठून बसती. ह्यो तास काढायचा असंल, तर त्या दोन दिवशी तिला उठवायला तुम्ही या.”

हशा पिकला, पण निर्णय त्या वाक्यानं झाला. तास राहिले. एक तोडगा निघाला, की पीटी दिवसाच्या पहिल्या तासाला घ्यायची, म्हणजे मुलं ताजी होऊन अभ्यासाला बसतील. मार्चमध्ये बाई म्हणाल्या, पीटीनंतरच्या तासाला वर्ग जास्त शांत असतो. मी त्याचा काही आलेख काढलेला नाही. बाईंचं निरीक्षण जसंच्या तसं सांगते आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी मी संयोजकांकडून विषय बदलून घेतला.

आपल्या तुकडीनं शाळेला काहीतरी भेट द्यायची ठरवलं आहे. वर्गणी जमली आहे. समितीनं प्रवेशद्वारावर आपल्या तुकडीच्या नावाची कमान बांधायचा विचार केला आहे, कोटेशनही आलं आहे. कमानीला माझा विरोध नाही. ज्यांनी धावपळ करून वर्गणी जमवली, त्यांच्याबद्दल आदरच आहे. फक्त निर्णय होण्याआधी माझं ऐकून घ्या.

मी मागच्या आठवड्यात आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागात जाऊन आले. चौथीच्या दोन तुकड्या, दोन्हींत चाळीसच्या आसपास मुलं. बॉल तीन; त्यातला एक फुटलेला, दोन पाच नंबरचे. मागचं मैदान चिंचेपासून कुंपणापर्यंत उंचसखल झालंय, पावसानं खडी वर आली आहे. त्यावर मूल पडलं तर गुडघा फुटतो, म्हणून बाई मुलांना पळू देत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे.

तीन नंबरचा बरा बॉल साधारण चारशे-पाचशे रुपयांना मिळतो. चाळीस बॉल घेतले, तर वीस हजारांच्या आत काम होतं. त्यात दोन पंप, सुया, पट्ट्या. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवायला काय खर्च येईल, ते आपल्यातले दोन सिव्हिल इंजिनिअर इथे बसले आहेत, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. माझ्या अंदाजानं सगळं मिळून कमानीच्या निम्म्यातही होणार नाही. उरलेल्या पैशात दर दोन वर्षांनी बॉल बदलता येतील, कारण मुरमावर बॉल फार टिकत नाहीत.

पैशापेक्षा कठीण गोष्ट वेगळी आहे. बॉल कपाटात कुलूपबंद राहिले, तर मी वर केलेलं सगळं गणित शून्यावर येतं. तुम्ही असे बॉल बघितले असतील, हरवू नयेत म्हणून जपून ठेवलेले, न वापरता हवा गेलेले. म्हणून माणसं लागतील. मुख्याध्यापिका बाईंशी माझं बोलणं झालंय, येत्या जूनपासून मंगळवारचा पहिला तास त्या द्यायला तयार आहेत. शनिवारसाठी आणखी कुणी हवं. आपण कोल्हापुरात राहणारे अठरा जण आहोत. महिन्यातून एक शनिवार, तोही सकाळचा तासभर, अशी पाळी लावली तरी पुरतं. फुटबॉल येत नसला तरी चालेल. तळ्यात-मळ्यात येतं ना? तेवढं पुरे. जे मुंबई-पुण्याला किंवा परदेशात आहेत, त्यांनी सुट्टीवर आल्यावर एक तास यावं. आपल्या पहिल्या रांगेतल्या जुन्या खेळाडूंना तर मी सोडणारच नाही. तेव्हा आम्हाला बॉल दिला नाहीत, त्याची भरपाई करा.

मी मागच्या वर्षी आपल्या पीटीच्या सरांना फोन केला होता. विचारलं, “सर, मुलं ऐकत नाहीत, शिट्टी वाजवून घसा बसायची वेळ आली.” सर म्हणाले, “अगं, शिट्टी कमी वाजव. आधी खेळू दे त्यांना. खेळून दमलेलं पोरगं ऐकतं.” आयुष्यभर मुलांमध्ये राहिलेल्या माणसाचं हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. सर, तुम्ही आज इथे आहात. तुमच्याकडे तेव्हा वीस बॉल असते, तर आम्ही चिंचेखाली बसलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आता ते आणणं आमच्या हातात आहे.

जेवणाआधी समितीची बैठक आहे. तिथे हा विषय घ्यावा, एवढी विनंती. आणि शनिवारच्या पाळीची वही मी आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवते. पहिलं नाव माझं लिहिलेलं आहे, दुसरी ओळ मोकळी आहे.